मदत हवी आहे : बारा मुलं (वय ३ ते ७), दोन तास आणि नाताळ. मुलांच्याच हातून काय करून घेता येईल?

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीत (ठाणे) २१ डिसेंबरच्या रविवारी मुलांसाठी नाताळचा कार्यक्रम आहे. मीटिंगला मी दहा मिनिटं उशिरा पोचले, तेवढ्यात 'हस्तकला' या शब्दापुढे माझं नाव लिहून झालं होतं.

गेल्या वर्षीचं आधी सांगते, म्हणजे काय नको ते कळेल. कागदी ताटलीवर कापसाची दाढी चिकटवून सांताक्लॉज करायचा होता. प्रत्येकाला गमची बाटली दिली, मधोमध कापसाचा ढीग ठेवला. पाचव्या मिनिटाला सगळ्या मुलांच्या दहाही बोटांना दाढी आली होती, सांता मात्र एकही दाढीवाला नव्हता. मग आयांनी गुडघे टेकून सांता पुरे केले आणि मुलं खुर्च्यांखाली लपाछपी खेळली. निघताना आमच्या मजल्यावरच्या एका चार वर्षांच्या महाशयांनी आपला सांता परत दिला, "हा मम्माने केलाय, माझा नाहीये." शिवाय शेवटी मी हौसेने चमकी काढली होती. ती होळीपर्यंत हॉलच्या सतरंजीतून निघत होती. सेक्रेटरी काका अजून विषय काढतात.

तर अटी अशा: बारापैकी पाच मुलं चार वर्षांच्या आतली. कात्री फक्त मोठ्यांना. माझ्या मदतीला दोनच बायका. हॉलमध्ये गॅस नाही, ओव्हन नाही. खर्च सगळा मिळून ८०० रुपये. वस्तू त्याच संध्याकाळी घरी नेता आली पाहिजे.

घरात आहे: दिवाळीचा उरलेला पतंगी कागद, आकाशकंदिलाचे दोन उघडे सांगाडे, किल्ल्याची पोतंभर माती आणि चित्रं, जुन्या लग्नपत्रिका, रिकाम्या काडेपेट्या, बुटांची खोकी.

अजून एक. मुलांपैकी दोघं ख्रिश्चन आहेत आणि त्यांची आजी कार्यक्रमाला येणार आहे. ठाण्यात घाम पुसत कापसाचा बर्फ करण्यापलीकडे, नाताळात घरी खरंच जे करतात त्यातलं काही मुलांना करता येईल का?

दुपारची_झोप (८ डिसेंबर, रात्री ९:१०)
चौदा वर्षं बालवाडीत काढली आहेत, म्हणून हक्काने लिहिते. ताई, तुमची चूक कापसात नव्हती, बाटलीत होती. लहान मुलाच्या हातात गमची बाटली दिली की ते मूल ती दाबत बसतं, तोच त्याच्यासाठी खेळ. गम बाटलीच्या झाकणात काढायचा, झाकणात चार थेंब, सोबत कान साफ करायची काडी. संपला की मागायला येतात, तेवढीच रांगेची सवय.

तीन वर्षांच्या मुलाला काय येतं? फाडता येतं, दाबता येतं, बोट उमटवता येतं, चिकटवता येतं. कापणं आणि घडी घालणं येत नाही. त्यामुळे 'सोपं क्राफ्ट' म्हणून व्हिडिओत दाखवतात त्यातलं निम्मं बाद.

भेंडी घ्या. चेष्टा करत नाहीये. पाच शिरांची, जरा जून भेंडी निवडायची आणि आडवी कापायची. पाच टोकांची चांदणी तयार मिळते. आदल्या रात्री कापून उघडी ठेवा, चिकटपणा सुकतो. ताटलीत ओला स्पंज, त्यावर पांढरा पोस्टर कलर. त्यात भेंडी दाबायची आणि निळ्या कार्डशीटवर ठप्प. देठाकडचा तुकडा ठेवा, मुलांना धरायला मूठ मिळते. माझ्या वर्गात यावर पंचवीस मिनिटं शांतता टिकायची. बाकी कुठल्याही गोष्टीवर दहाच्या वर नाही.

पावशेर_शहाणा (८ डिसेंबर, रात्री ९:३२)
बाजारात सगळं तयार मिळतं, चाळीस रुपयांपासून. कशाला हा उपद्व्याप?

धागाकर्ती (८ डिसेंबर, रात्री ९:४०)
@पावशेर_शहाणा, बारा मुलं दोन तास तुमच्याकडे पाठवते, चाळीस रुपयांसकट.
@दुपारची_झोप, भेंडी पक्की! कालच भाजीला आणली होती, आता त्यातल्या जून काढून ठेवते.

वसईची_वाट (८ डिसेंबर, रात्री ११:०५)
तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी लॉगिन केलं. आमच्याकडे नाताळ म्हणजे आधी गोठा. सांता बऱ्याच नंतर आला, टीव्हीबरोबर. बाळ येशूचा जन्म गोठ्यात झाला, त्याला गव्हाणीत ठेवलं, तो देखावा. ही मांडायची चाल असिसीच्या संत फ्रान्सिसची. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात त्यांनी नाताळच्या रात्री गवत, खरा बैल आणि खरं गाढव उभं करून हा प्रसंग लोकांना दाखवला. आमच्या लहानपणी पोरंच गोठा बांधायची. मोठ्यांचं काम फक्त ओरडायचं.

तुमच्याकडे किल्ल्याचं सामान आहे ना? मग निम्मा गोठा झालाच. बुटाचं खोकं आडवं ठेवायचं, वर आइस्क्रीमच्या काड्यांचं छप्पर, आत भाताचा पेंढा. पेंढा नसेल तर सुकं गवत किंवा आंब्याच्या पेटीतला कातर कागद. किल्ल्यावरच्या गायी, बैल, मेंढ्या तशाच आत. मावळ्यांना मात्र सुट्टी द्या.

येशूचे आईवडील, मारिया आणि योसेफ, दोऱ्याच्या रिकाम्या रिळांचे होतात. वर कागदाचा गोळा, भोवती जुन्या साडीचा तुकडा. आणि बाळासाठी भुईमुगाची शेंग! दोन दाण्यांची, मध्ये कंबर असलेली. वरच्या भागावर पेनने दोन टिंबं आणि हसू, खालचा भाग पांढऱ्या चिंधीत गुंडाळायचा. हुबेहूब दुपट्यातलं बाळ दिसतं. हे तीन वर्षांच्या मुलालाही जमतं. फक्त शेंगा फोडून दाणे तोंडात टाकत नाहीत ना ते बघा, एवढ्या लहानांच्या घशात दाणा अडकतो.

अजून एक, आजी येणार म्हणून सांगतो. बाळ आधी ठेवायचं नसतं. २४ च्या मध्यरात्रीच्या मिस्सेपर्यंत (चर्चमधल्या उपासनेपर्यंत) गव्हाण रिकामी असते. मुलांना शेंग काडेपेटीत घालून द्या आणि सांगा, २४ ला रात्री ठेवा. बाळाला भेटायला येणारे तीन राजे तर ६ जानेवारीला पोचतात. आमच्या घरी ते खिडकीतून निघायचे आणि रोज वीतभर सरकायचे.

धागाकर्ती (८ डिसेंबर, रात्री ११:२०)
काडेपेटीतलं बाळ! हे मला सुचलंच नसतं. म्हणजे वस्तू घरी नेल्यावरही तीन दिवस काम पुरतं.

नाचणे_पेरा (९ डिसेंबर, सकाळी ७:१५)
गोव्याहून. वरच्या वसईकरांनी मुख्य गोष्ट सांगितली नाही, हिरवळ! आमच्या गोठ्यात शेतं दाखवायला लोक आधीपासून पसरट भांड्यात नाचणी पेरतात. तुमच्या घटस्थापनेच्या धान्यासारखंच. एक रात्र भिजवायची, दोन बोटं मातीवर दाट पसरायची, वर मातीची नुसती चिमूट. पहिले दोन-तीन दिवस ओल्या फडक्याने झाकायचं. कोंब दिसले की उजेडात. चांगली मखमल यायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे २१ ला हवी तर आज रात्रीच भिजवा. उशीर झाला तर हळीव, तो भिजवू नका, बुळबुळीत होतो. ओल्या कापसावर कोरडा भुरभुरायचा आणि पाणी शिंपडायचं. पाच-सहा दिवसांत उगवतो.

बांबूच्या कामट्यांची चांदणी मात्र या वयाला नको. दहा लांब कामट्या, पाच-पाचच्या दोन चांदण्या, टोकं बांधायची आणि मध्ये पाच आखूड काड्या देऊन फुगवायची. हे बापाचं काम, आणि बापाचाही एक रविवार जातो. तुमचे कंदिलाचे सांगाडे आहेत तेच वापरा. मुलांनी पतंगी कागद फाडून खळीने चिकटवायचा, आत बल्ब. दोन सांगाडे, बारा मुलं, सामाईक काम.

दुपारची_झोप (९ डिसेंबर, सकाळी ८:००)
खळीला जोरदार अनुमोदन. दोन चमचे मैदा, वाटीभर पाणी, आधी गुठळ्या मोडायच्या, मग मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं. घरी करून डब्यात न्या. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे, तो अजिबात घालू नका, विषारी आहे आणि ही मुलं बोटं चाटणार. आणि हो, पतंगी कागद ओला झाला की रंग सुटतो. लाल रंग मुलांच्या कोपरापर्यंत जाईल. त्या दिवशी पांढरे कपडे घालू नका म्हणून ग्रुपवर आधीच टाका.

थंडीतला_मराठी (९ डिसेंबर, दुपारी २:४५)
जर्मनीतून. इथे किंडरगार्टनमध्ये डिसेंबर आला की मिठाच्या कणकेचे दागिने ठरलेलेच. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाणी लागेल तसं, साधारण वाटीभर. पुरीइतकं नाही, अर्धा सेंटिमीटर जाड लाटायचं, वाटीने किंवा झाकणाने गोल कापायचे, त्यावर मुलाचा अंगठा दाबायचा. दोन अंगठे तिरके दाबले की बदाम होतो. ओलं असतानाच स्ट्रॉने भोक पाडा, नंतर पाडलं तर तुकडे होतात. इथे १२० अंशाला दोन-तीन तास भाजतात.

चमकीबद्दल सेक्रेटरी काकांना सांगा, युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून प्लॅस्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदीच घातली आहे. ते काळाच्या पुढे आहेत.

खाडीकाठ (९ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०)
मिठाची कणीक ठाण्यात केली आहे. ओव्हनशिवायही वाळते, पंख्याखाली तीन दिवस, रोज उलटायची. पण जुलैत कपाट उघडलं तर लेकीचा अंगठा घामाघूम! मीठ हवेतलं पाणी ओढतं. दोन्ही बाजूंनी वॉर्निश मारलं तरी आमच्याकडे दोनच पावसाळे टिकलं. त्यामुळे आठवण म्हणून जपायचं असेल तर पुठ्ठ्यावर रंगाने अंगठा घ्या. आणि मुलांना ही कणीक खाऊ देऊ नका. पुरीच्या कणकेसारखी दिसते, पण एवढं मीठ पोटात जाणं लहान मुलांना खरंच धोक्याचं.

दुसरं, गोठ्यात ठेवायला ते बॅटरीवरचे छोटे दिवे आणू नका. खालचं झाकण सैल असतं आणि आत बटणासारखा सेल. तो गिळला तर अन्ननलिका भाजते, थेट हॉस्पिटल. मोठ्या चांदणीत वायरचा एक बल्ब पुरे.

धागाकर्ती (१४ डिसेंबर, रात्री १०:१५)
रंगीत तालीम झाली. माझी लेक (साडेचार) आणि शेजारचे ते दोघे भाऊ. अहवाल देते.

भेंडी हिट. धाकट्याने निळा कागद संपल्यावर सोफ्याच्या उशीवर तीन चांदण्या मारल्या, त्या निघाल्या नाहीत, आता ती उशी नाताळची म्हणून जाहीर केली आहे. सतरा मिनिटं शांतता, घड्याळ लावून मोजली.

मिठाची कणीक रद्द. लेकीने एवढंसं चाटून बघितलं आणि पुढचा अर्धा तास फक्त पाणी पाणी चाललं होतं.

लग्नपत्रिकांच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या मी आधीच कापून ठेवल्या होत्या. मोठ्याने त्यांची साखळी केली, कडीत कडी. लाल-सोनेरी कागद आयता नाताळचा दिसतो. फक्त एका कडीवर 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असं वाचता येतं, ते तसंच राहू दिलं.

गोठ्यावर मात्र भांडण झालं. लेकीला मावळे हवेच होते. मी वसईकरांचा हवाला दिला, उपयोग शून्य. शेवटी शेजारच्या आजी आल्या, चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "असू दे गो, मेंढपाळ पण रातीला राखण करीतच होते ना." तेव्हा दोन मावळे मेंढ्यांमागे उभे आहेत, भाल्यांसकट. शेंगेचं बाळ काडेपेटीत बंद आहे. लेक दर तासाला पेटी उघडून ते झोपलंय ना बघते.

२१ साठी ठरवलेलं: लहान पाच जणांना भेंडी आणि शेंगेचं बाळ, मोठ्यांना साखळी आणि खोक्याचा गोठा, शेवटची वीस मिनिटं सगळे मिळून चांदणीवर कागद. सगळं धरून खर्च साडेचारशेच्या आत. सगळ्यांचे मनापासून आभार.

आता नवीन संकट. नाचणी ९ तारखेला रात्री भिजवली होती, छान बोटाच्या पेराएवढी आली होती. आज दुपारी गॅलरीत ठेवली आणि कबुतरांनी कोपरा साफ केला. एक ताट वाचलंय. घरात उजेड कमी आहे, काय करू?

नाचणे_पेरा (१४ डिसेंबर, रात्री १०:३२)
गॅलरीतच ठेवा, वर भाजीची जाळीची टोपली पालथी घाला आणि टोपलीवर दगड. उपटलेल्या कोपऱ्यात आजच हळीव भुरभुरा, २१ पर्यंत येईल. रंग जरा वेगळा दिसेल, तिथे विहीर दाखवा.

धागाकर्ती (१४ डिसेंबर, रात्री १०:४०)
किल्ल्यावरची विहीर आहे माझ्याकडे! शोधते.