लिफ्ट मेकॅनिकची परीक्षा, सुरक्षेचे नियम: काय वाचू? बजेट १५०० रुपये

लिफ्टवाला_डोंबिवली
नमस्कार मंडळी. सात वर्षं लिफ्टच्या मेंटेनन्सला आहे. आयटीआय इलेक्ट्रिशियन केलं, लिफ्टचं काम मात्र सगळं उस्तादाच्या हाताखाली शिकलो. आता ‘लिफ्ट अँड एस्कलेटर मेकॅनिक’ ट्रेडची परीक्षा खाजगी उमेदवार म्हणून द्यायची आहे आणि पुढे पर्यवेक्षकाच्या परमिटच्या मागे लागायचं आहे. हात चालतो, आकडे येत नाहीत. परवा मालकांनी सहज विचारलं, गव्हर्नर (लिफ्टची गाडी, म्हणजे केबिन, जास्त पळाली की तिला धरायला लावणारं यंत्र) किती वेगाला पडला, म्हणजे लागला पाहिजे? मी म्हटलं, वेग वाढला की. ते पुढे काही बोलले नाहीत, पण मला रात्रभर ते टोचत राहिलं. ज्या यंत्रावर माणसं चढवतो त्याचा आकडा मला माहीत नाही.
इंग्रजी वाचतो, पण हळू. तीन महिने हातात आहेत. झेरॉक्स धरून १५०० रुपये. क्लास नको, रविवारीसुद्धा कॉल असतात. कोणतं पुस्तक घेऊ?

अंधेरी_मशीनरूम
क्लासच लाव. मी १८,००० भरून लावला होता, पहिल्या फटक्यात पास. १५०० मध्ये हल्ली काय येतं? पुस्तक वाचून लिफ्ट कळत नाही. आमच्या सरांनी कापलेला गव्हर्नर टेबलावर ठेवून शिकवलं होतं.

तारतंत्री_नाशिक
पुस्तक घेऊच नकोस. बाजारातल्या गाइडमध्ये प्रश्नोत्तरं असतात, नियम नसतात. भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नाव नोंदव, मानकं फुकट उतरवता येतात. लिफ्टचं जुनं मानक आयएस १४६६५, पाच भागांत. पहिल्यात मापं, दुसऱ्यात बसवणं आणि देखभाल, तिसऱ्यात सुरक्षेचे नियम, चौथ्यात एकेक सुटा भाग (बफर, गाइड रेल, सेफ्टी गिअर म्हणजे गाडीला रेलवर धरणारी पकड, दार-कुलूप, ब्रेक, रोप), पाचव्यात तपासणी. मेकॅनिकने पाचवा आधी वाचावा. इन्स्पेक्टर काय बघतो ते कळलं की तिसरा आपोआप समजतो.
कायद्याचंही एक पान करून ठेव. आपल्याकडे मुंबई लिफ्ट कायदा १९३९ चा. त्याची जागा घ्यायला विधिमंडळाने २०१७ चा नवा अधिनियम केला, त्यात सरकते जिने आणि सरकते मार्गही आले. हे विचारतातच.

शारजा_ते_सातारा
जुनं वाचण्यात वेळ घालवू नका भाऊ. २०२२ पासून आयएस १७९०० आहे आणि ते युरोपच्या ईएन ८१-२० वरून घेतलंय. मी अकरा वर्षं आखातात काढली, तिथे दुसरं कोणी ओळखतच नाही. तुमचा गव्हर्नर: ठरलेल्या वेगाच्या ११५ टक्क्यांच्या आधी पडायचा नाही. १ मीटर प्रति सेकंदाची लिफ्ट आणि प्रोग्रेसिव्ह (हळूहळू धरणारी) सेफ्टी असेल तर १.१५ ते १.५ च्या मध्ये. झटक्यात धरणारी सेफ्टी फक्त ०.६३ पर्यंत चालते. का, ते समजून घ्या. वेग जास्त असताना एकदम धरलं तर आतल्या माणसाचे गुडघे जातात.
रोप किमान ८ मिमी. पुलीचा व्यास रोपच्या ४० पट. तीन किंवा जास्त रोप असतील तर सुरक्षा गुणांक (रोपची तुटायची ताकद भागिले त्यावरचा भार) १२, दोनच असतील तर १६. ब्रेकने एकट्याने सव्वापट वजन घेऊन पूर्ण वेगाने खाली येणारी गाडी थांबवली पाहिजे. हे पाठ करा, बाकी नंतर.

सचिव_ब_विंग
मी मेकॅनिक नाही, पण धागा दिसला म्हणून लिहिते. आमच्या लिफ्टच्या पाटीवर ‘६ व्यक्ती’ लिहिलंय आणि चार माणसं चढली की गजर वाजतो. वर्षाला एवढा एएमसीचा (देखभाल कराराचा) चेक देतो, तरी मुलगा येतो, तेल मारतो, सही घेतो, जातो. परीक्षा देणाऱ्यांनी आधी हे शिकावं.

लिफ्टवाला_डोंबिवली
ताई, पाटीवर ४०८ किलोही लिहिलेलं असेल. एक माणूस ६८ किलोचा धरतात, सहा गुणिले ६८. चारच माणसांना गजर होत असेल तर लोड सेलची (वजन मोजणाऱ्या सेन्सरची) सेटिंग हललेली असू शकते किंवा आतल्या लाद्या नंतर बदलल्या असतील. ग्रॅनाइट बसवलाय का? त्याचंही वजन गाडीतच जातं.

सचिव_ब_विंग
हो! दिवाळीत ग्रॅनाइट बसवला. आम्हाला कोणी सांगितलंच नाही. मेंटेनन्सवाल्यांना कळवते.

अंधेरी_मशीनरूम
बघा, हे क्लासमध्ये शिकवतात. ग्रॅनाइट टाकला की काउंटरवेट (रोपच्या दुसऱ्या टोकाचं तोलाचं वजन) पण बघावं लागतं.

जुना_फिटर_परळ
ते क्लासशिवायही येतं. गाडीत निम्मं वजन भरायचं, गाडी आणि काउंटरवेट समोरासमोर येतात त्या जागी वर जाताना आणि खाली येताना मोटरचा करंट बघायचा. दोन्ही सारखे आले तर बॅलन्स ५० टक्के. त्यासाठी चांगला क्लॅम्प मीटर घे, साडेसहा हजारांना माझा आहे, दहा वर्षं झाली, अजून तसाच. पुस्तकापेक्षा तोच घे.
तोंडीला मला विचारलं होतं: वीज गेली, गाडीत एकच माणूस, ब्रेक हाताने मोकळा केला, गाडी कुठे जाईल? माझ्या पुढचा म्हणाला खाली. नापास. वर जाते. काउंटरवेट जड असतं.

शारजा_ते_सातारा
लिफ्ट बनवणाऱ्या एलिशा ओटिसने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात उभ्याउभ्या दोर कापायला लावला आणि गाडी पडली नाही. तो पहिला गव्हर्नर. इतिहासही विचारतात.

तारतंत्री_नाशिक
तो गव्हर्नर नव्हता. ओटिसची सेफ्टी दोराचा ताण गेला की स्प्रिंगने बाजूच्या दात्यांत अडकायची. गव्हर्नर वेग बघतो. रोप शाबूत असताना ब्रेक घसरला आणि गाडी पळाली तरी तो पडतो. हा फरक पक्का ठेव डोंबिवलीकर, कारण ‘रोप तुटला तर सेफ्टी लागते’ असं अर्धं उत्तर बहुतेक जण देतात.

शारजा_ते_सातारा
मुद्दा तोच आहे, गाडी पडली नाही. असो.

रात्रपाळी_ठाणे
इतके आकडे झाले, माझाही एक घ्या. ७ मिमी. दाराच्या कुलपाची कडी किमान ७ मिमी आत गेल्याशिवाय गाडी हलता कामा नये. मी ७ मिमीचा ड्रिल बिट शर्टाच्या खिशात ठेवतो, कडीला लावून बघतो.
का ठेवतो ते सांगतो. नवा होतो तेव्हा एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्याच्या लॉकचा कॉन्टॅक्ट जळला होता. फॉल्ट शोधायला कंट्रोलरमध्ये जम्पर (कॉन्टॅक्ट वगळून सर्किट जोडणारी वायर) टाकला. तेवढ्यात दुसऱ्या इमारतीत माणूस अडकल्याचा फोन आला. झाकण लावलं, मेन चालू केला, निघालो. जम्पर आतच. अर्ध्या तासाने तिसऱ्या मजल्यावर गाडी आलेली असताना एक शाळकरी मुलगा दार ओढून आत पाय टाकत होता आणि खालून कोणीतरी बटण दाबलं. दार उघडं, गाडी सुटली. त्याने पाय मागे घेतला. चप्पल उंबरठा आणि गाडीच्या मध्ये चेपली. त्याच्या आईने ती निळी चप्पल माझ्या हातात दिली, एक शब्द बोलली नाही.
तेव्हापासून माझे जम्पर तीनच. लाल वायर, मीटरभर लांब, टोकाला नंबरची पट्टी. तिन्ही पिशवीत मोजल्याशिवाय मेन चालू करत नाही. आयएस १७९०० प्रमाणे कंट्रोलरवरच बायपासची सोय द्यावी लागते. ती चालू असताना गाडी फक्त इन्स्पेक्शनला (तपासणीच्या हळू वेगाला) चालते आणि आवाज-दिवा होतो. नियम लिहिणाऱ्यांनीही अशा चपला पाहिल्या असणार असं मला वाटतं.

जुना_फिटर_परळ
पोरा, चांगलं लिहिलंस. गाडीच्या टपावर जाताना तरी आजची मुलं क्रम पाळतात का? दार उघडलं की आधी स्टॉप दाबायचा, दार सोडून कॉल देऊन बघायचं गाडी खरंच हलत नाही ना, मग इन्स्पेक्शन, मग पाय. पिटमध्येही (गाडीखालच्या खड्ड्यात) आधी स्टॉप. आमच्या वेळी उस्ताद पाठीत गुद्दा घालायचा.

कोथरूड_एमआरएल
मानकं ब्युरोच्या साइटवर फुकट मिळतात, पुस्तकावर पैसे घालवू नका. मशीनरूम नसलेल्या लिफ्टसाठी आयएस १५७८५ पण उतरवा. आणि क्लास लावाच.

तारतंत्री_नाशिक
फुकट मिळतात हे वर लिहिलंय.

अंधेरी_मशीनरूम
क्लासचंही वर लिहिलंय.

लिफ्टवाला_डोंबिवली
सगळ्यांचे आभार. रात्रपाळीदादा, तुमची पोस्ट मालकांना वाचून दाखवली. आमच्याकडे आता जम्परला नंबर पडलेत, चार आहेत.
काय केलं ते सांगतो. कोणी जुनं मानक म्हणालात, कोणी नवीन, कोणी क्लास. मी जुन्या १४६६५ चा तिसरा आणि पाचवा भाग छापून घेतला, स्पायरल मारून. माझ्या रूटवर ४२ लिफ्ट आहेत आणि ३९ त्या काळच्या. ज्या कुलपाला मी उद्या सकाळी हात लावणार आहे त्याचाच नियम आधी वाचायचा आहे. नव्याचे आकडे शारजावाल्या दादांनी दिलेत तेवढे वहीत उतरवले, बाकी १७९०० मोबाइलवर आहे, लोकलमध्ये बघतो.
उरलेल्या पैशांत व्हर्नियर घेतला, रुंद जबड्याचा. काल पहिल्यांदा रोप नीट मोजला. इतकी वर्षं साध्या व्हर्नियरचं टोक दोन पिळांच्या खाचेत बसायचं आणि माप कमी यायचं. समोरासमोरच्या पिळांच्या उंचवट्यांवर धरायचा असतो. चौथ्या मजल्याजवळ १३ मिमीचा रोप १२.१ भरला. आज मालक आणि मी परत मोजणार आहोत, तोपर्यंत ती लिफ्ट बंद ठेवली आहे. सोसायटीवाले चिडलेत.

सचिव_ब_विंग
चिडू देत. बंदच ठेवा.