मदत हवी आहे : हातापायाचं फॅशिया रिलीज, दुखतं का हो?

मंडळी, कोल्हापुरात राजारामपुरीत ब्लाउज शिवते. चार महिने झाले, डावी टाच धरलीय. सकाळी पहिलं पाऊल फरशीवर टेकलं की खिळा घुसल्यागत होतं. कॉटला धरून उभी राहते, मोरीपर्यंत जाईस्तोवर जरा सैल पडतं. मशीनवरून उठलं की परत तेच. उजव्या हाताचा तळवाही आखडलाय, अंगठ्याच्या बुडाला कात्रीचा घट्टा पडलाय.

डॉक्टर म्हणाले प्लांटर फॅशियायटिस, म्हणजे टाचेपासून बोटांकडं जाणाऱ्या तळपायाच्या जाड पट्ट्याचं दुखणं. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं, पण दुखणं त्याचंच असं नाही म्हणे. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी हातापायाचं फॅशिया रिलीज (स्नायूंवरचं ताठरलेलं आवरण हातानं दाबून सैल करणं) सांगितलंय, मंगळवारी पहिली वेळ.

मिस्टर म्हणतात, तालमीत पैलवानाला रगडतात तसंच असणार, दात दाबून सोस. खरंच का? दुसऱ्या दिवशी कात्री धरता येईल? लग्नसराई आहे, २२ ब्लाउज अंगावर आहेत. सासूबाईपण येते म्हणतात. त्यांना शुगर आहे, तळपाय बधिर असतात. आणि कोल्हापुरी सोडायला लावतील का?

उत्तर १
ताई, मी गुजरीत कारागीर, दोन्ही करून घेतलंय. रगडणं नाहीच ते. तेलही नावाला, कारण बोट घसरून चालत नाही. अंगठा तळव्यात रुतवून हळू दाब देतात आणि दीड-दोन मिनिटं तसाच धरतात. खालचं ताठरलेलं सैल पडलं की आपल्यालाच कळतं. माझी तर पोटरी आधी धरली, म्हटलं बाई चुकल्या! पण पोटरी ताठ असली की टाचेवर ओढ येते. 'हं, इथंच' असं वाटण्याइतकं दुखतं. श्वास रोखायची वेळ आली तर लगेच सांगायचं, दात दाबायचे नाहीत. नंतर एक-दोन दिवस ठणका राहतो, म्हणून सुट्टीच्या आदल्या संध्याकाळची वेळ मागा. आणि एका बैठकीत बरं होईल असं धरू नका, पायाची बोटं मागं ओढायचा व्यायाम रोज करावाच लागतो. अंथरुणातून उतरायच्या आधी, १० सेकंद धरून १० वेळा.

उत्तर २
फिजिओ आहे. सासूबाईंचे पाय बधिर असतील तर दाब जास्त झालेला त्यांना कळणारच नाही. आधी डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही सांगा, काळंनिळं पडतं. ताई, हाताच्या तळव्यात गाठ लागते का, बोट सरळ होत नाही का? तसं असेल तर ते दुखणं वेगळं, मॅडमना पहिल्याच दिवशी दाखवा. सपाट, कडक कोल्हापुरी सध्या कपाटात. घरातही फरशीवर अनवाणी नको.

धागाकर्ती
गाठ नाही. वेळ शनिवारवर ढकलली. मिस्टरांना वाचून दाखवलं, ते म्हणाले, "मग पैसे कशाचे घेतात?"