मदत हवी आहे: रत्नागिरीत घर घ्यायचंय, पण आवडलेल्या घराच्या सातबाऱ्यावर १७ नावं आहेत

नमस्कार. मी मूळची बार्शी तालुक्यातली. रत्नागिरीत एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. २०१९ मध्ये शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलमधून शिक्षणसेवक म्हणून इथे आले. तीन वर्षं महिना ८,००० मानधनावर काढली, त्यानंतर पूर्ण पगार सुरू झाला. वडील २०२० मध्ये गेले, तेव्हापासून आई माझ्याकडेच असते. तिचं वय ६६, दोन्ही गुडघे दुखतात. खाजगी संस्थेची शाळा असल्याने जिल्हा बदलीचा प्रश्न येत नाही. म्हणजे आम्ही आता इथल्याच.

मारुती मंदिरच्या मागे एका घराचा अर्धा भाग भाड्याने घेतलाय, ११ महिन्यांचा करार. मालक डोंबिवलीला असतात. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं की गणपतीत आम्ही सगळे येतो, तेवढे दिवस घर मोकळं करून द्यायचं. मला त्यांचा राग नाही, घर त्यांचं आणि गणपती त्यांचा. दरवर्षी त्या दिवसांत आम्ही दोघी कुवारबावला माझ्या सहकारी बाईंकडे जातो. त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. पण मागच्या वर्षी आदल्या रात्री पिशवीत गोळ्या-औषधं भरता भरता आई म्हणाली, "पुढच्या साली कुठं जायचं, ते आत्ताच इचारून ठेव." त्या रात्री ठरवलं, आता स्वतःचं घर बघायचं.

शाळा पाचला सुटते. वह्या पिशवीत टाकायच्या, रिक्षा पकडायची आणि अंधार पडायच्या आत एखादं घर बघून यायचं, असं मार्चपासून चाललंय. एकटी बाई घर बघायला आली की एजंट पहिला प्रश्न विचारतात, "मिस्टर कधी येणार बघायला?" मिस्टर नाहीत, कर्ज माझ्या एकटीच्या नावावर असणार आहे, हे प्रत्येक ठिकाणी नव्याने सांगावं लागतं. आतापर्यंत १४ घरं पाहिली. त्यातली तीन मनात राहिली आहेत.

पहिलं साळवी स्टॉपकडचं. जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके, २२ लाख. शाळेला चालत जाता येतं. हे मी मुद्दाम जुलैत, तीन दिवसांची झड लागलेली असताना पाहायला गेले. हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीवर एकावर एक तीन कॅलेंडरं लटकवलेली होती. मी ती उचलली, तर मागे रंगाचे फुगे आलेले. बोट लावलं तर पांढरी भुकटी बोटाला चिकटली. मालक म्हणाले, कोकणात एवढं चालायचंच. चालत असेलही. आमच्या आत्ताच्या घरातही पावसाळ्यात गावाकडून आणलेल्या ज्वारीला ओल लागते. आई कॉटवर पेपर पसरून त्यावर ज्वारी पंख्याखाली घालते आणि आम्ही दोघी खाली झोपतो. पण ते भाड्याचं घर आहे. २२ लाख देऊन तेच करायचं का? शिवाय लिफ्ट नाही, सोसायटी नोंदलेली नाही आणि जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे.

दुसरं नाचण्याच्या बाजूला. काम सुरू असलेली इमारत, टू बीएचके, ३५ लाख. एजंटने ७८० चौरस फूट सांगितलं. महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणारं सरकारी प्राधिकरण) साइटवर नंबर टाकून पाहिला तर त्या फ्लॅटचं कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र, ५२ चौरस मीटर, म्हणजे ५६० फुटांच्या आसपास निघालं. ते रविवारपर्यंत ५१,००० टोकन मागत आहेत.

तिसऱ्यासाठी खरं तर हा धागा काढलाय. भाट्ये पुलापलीकडे एका वाडीत जुनं चिऱ्याचं घर आहे. वर मंगळुरी कौलं. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागीलदारी धुण्याचा दगड आणि रहाटाची विहीर. जागा सहा गुंठे, किंमत २४ लाख. मे अखेरीस गेलो होतो तेव्हाही विहिरीत कंबरभर पाणी होतं. आई कुठल्याच फ्लॅटमध्ये दोन मिनिटांच्या वर थांबली नव्हती. इथे ती ओटीवर भिंतीला टेकून बसली, पाय लांब केले आणि अर्धा तास उठली नाही. एकही जिना नाही, हे तिने सगळ्यात आधी पाहिलं असणार.

पण सातबाऱ्यावर १७ नावं आहेत. त्यातले दोघे वारलेले आहेत, बरेच जण मुंबईत. इतर हक्कात एका कुळाचंही (मालकाची जमीन कसणाऱ्याचं) नाव दिसतं. जमीन बिगरशेती झालेली नाही, कागदोपत्री अजून शेतजमीनच आहे. विकायला जे काका पुढे आले आहेत ते स्वभावाने चांगले आहेत, आम्हाला चहा पाजला, झाडाचे आंबे दिले. ते म्हणतात, "मुंबईवाल्यांच्या सह्या मी आणतो, तुम्ही दोन लाख विसार द्या, नोटरीकडे साठेखत करून टाकू." साठेखत म्हणजे पुढे खरेदी करण्याचा करार. घरपट्टी त्यांच्याच नावावर येते, तीही त्यांनी दाखवली.

माझ्याकडे एकूण साडेनऊ लाख आहेत. पगार हातात साठ हजारांच्या आसपास येतो. मी एनपीएसवाली, म्हणजे नव्या पेन्शन योजनेतली आहे, भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम काढायची सोय आम्हाला नाही. दोन लाख अडकले तर मला पुन्हा उभं राहायला फार वेळ लागेल.

तर मला हे विचारायचंय. इतक्या नावांचं घर कोणी प्रत्यक्ष घेतलंय का, आणि ते कसं निभावलं? अशा घरावर बँक कर्ज देते का? आणि इथली माणसं मला हेही सांगतील का, की दिवसभर शाळेत असणारी मी आणि गुडघे दुखणारी आई, आम्हाला कौलारू घर सांभाळता येईल का? आवडलंय म्हणून हो म्हणू नका. नाही असेल तर स्पष्ट नाही सांगा.

प्रतिसाद:
बाई, विसार देऊ नका. आमचं आजोळचं घर विकताना ११ सह्या वर्षभरात मिळाल्या आणि बाराव्या मावशीच्या सहीला पुढची तीन वर्षं गेली. भांडण नव्हतं, तिला घर विकायचंच नव्हतं. एक सही राहिली तर तिचा हिस्सा राहतो आणि तो हिस्सा घरातल्या कुठल्या खोलीत आहे हे कोणी सांगू शकत नाही. प्रत्येक हिस्सेदाराने एकतर स्वतः खरेदीखतावर सही करायची, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा मुखत्यारपत्र द्यायचं. वारलेल्या दोघांच्या वारसांचा फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, आधी होऊ दे. लग्न होऊन गेलेल्या बहिणी आणि आत्या नीट मोजा, जुन्या नोंदींत मुलींची नावं घातलेलीच नसतात. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे हक्क नाही असं धरू नका. आणि घरपट्टी ज्याच्या नावावर तो मालक, असं अजिबात नसतं. नोटरीच्या साठेखतावर विसंबू नका, साठेखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवूनच करा.

प्रतिसाद:
बँकेत कर्ज विभागात आहे म्हणून थोडं लिहितो. सामाईक, न वाटलेल्या जागेवरचं जुनं घर आणि वर बिगरशेती नाही, अशा प्रकरणात आमचे पॅनेलवरचे वकील बहुतेक वेळा नकारच देतात. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मागच्या व्यवहारांचा वकिलाने काढलेला शोध) स्वच्छ आला पाहिजे, कुळाच्या नावाचा निकाल लागलेला पाहिजे. दुसरं, शेतजमीन बिगरशेतकऱ्याला घेता येत नाही. पण ताई, तुम्ही बार्शीच्या. वडिलांच्या जमिनीला वारस म्हणून तुमचं नाव लागलंय का ते बघा. लागलं असेल तर तुम्ही शेतकरी आहात आणि तो उतारा इथे चालतो.

फ्लॅटचा हिशोब असा. २५ लाख कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के धरले तर हप्ता २१,७०० च्या आसपास. तुमच्या पगारात बसतो. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी खिशातून जाते, ते वेगळं काढून ठेवा. नुसतं महिलेच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नोंदणी फी ३०,००० च्या वर जात नाही. एनपीएसमध्ये तीन वर्षं झाली असतील तर पहिल्या घरासाठी स्वतःच्या वर्गणीतले २५ टक्क्यांपर्यंत काढता येतात, शाळेच्या लिपिकांकडून फॉर्म घ्या. आणि रविवारच्या मुदतीला घाबरू नका. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. टोकन द्यायचंच तर चेकने द्या आणि परतीची अट लिहून घ्या.

प्रतिसाद:
मी भाट्याच्याच बाजूची. तुमचा शेवटचा प्रश्न कोणी घेतला नाही म्हणून लिहिते. चिरा पाणी पितो. गिलावा नसेल तर वाऱ्याच्या बाजूच्या भिंतीला दर मे महिन्यात झावळ्या नाहीतर पत्रे बांधावे लागतात. कौलांची शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौलं नीट लावून घेणं, दरवर्षी करावी लागते, माणसं वेळेवर मिळत नाहीत, मिळाली की लगेच बोलवायची. वाशांना आणि रिपांना वाळवी आहे का ते टोचणीने टोचून बघा, नुसतं वर बघून कळत नाही. हे सगळं पैसे टाकून होतं. पण तुम्ही शाळेत असताना आई दुपारभर एकट्या असतील, शेजारचं घर गणपती-शिमग्यालाच उघडत असेल, तर मला ते बरं वाटत नाही. वाडीत बारा महिने किती घरांत माणसं असतात ते मोजून या. खाडी किती लांब आहे तेही बघा. सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकाम-निर्बंधाच्या पट्ट्यात, येत असेल तर आहे ते घर राहतं, पण पुढे वाढवायचं किंवा पाडून बांधायचं म्हटलं की परवानगीचं काम लांबतं.

धागाकर्ती:
तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री भावाला फोन केला. वडिलांच्या साडेतीन एकराला आईसोबत आम्हा दोघांचीही नावं लागली आहेत, त्याने उताऱ्याचा फोटो पाठवला. बाबांच्या जमिनीचा कागद इथे समुद्राकाठी कामाला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आज शाळा सुटल्यावर वाडीत जाऊन आले. घरं नऊ, त्यातली चार कायम उघडी. विहिरीच्या पलीकडच्या घरात एक आजी एकट्याच असतात. त्या आईला म्हणाल्या, "ये गो बसायला." काकांना मी सांगितलं की सगळ्यांच्या सह्या आणि वारस फेरफार झाल्याशिवाय पैसे देणार नाही. ते थोडे गप्प झाले, मग म्हणाले गणपतीला सगळे येणार आहेत, तेव्हा समोरासमोर बोलू.

नाचण्याच्या एजंटला या रविवारी टोकन देत नाही असं कळवलंय. तो फ्लॅट सोडलेला नाही. तिथे राहणाऱ्या कोणाला उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, आणि आठवड्यातून किती वेळा, एवढं सांगता आलं तर फार बरं होईल. पुढच्या आठवड्यात अर्ध्या दिवसाची रजा घेऊन तलाठी कार्यालयात जाऊन जुने फेरफार काढते. कुळाच्या नोंदीचं काय निघतं ते नावं झाकून इथेच लिहीन.