बुडणाऱ्या खासगी कंपनीला सरकारने वाचवावं का?

खातेवही : माझं मत स्पष्ट आहे, वाचवू नये. २००८ मध्ये एआयजी ही विमा कंपनी बुडायला आली, तेव्हा अमेरिकी सरकार आणि तिथली मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्ह यांनी मिळून तिच्यासाठी सुमारे १८२ अब्ज डॉलरची तयारी ठेवली. आणि मार्च २००९ मध्ये काय झालं? ज्या विभागाच्या व्यवहारांनी कंपनी गाळात गेली, त्याच विभागातल्या लोकांना सुमारे १६.५ कोटी डॉलरचे बोनस! आधीचे करार पाळावे लागतात, हे कारण. नफा मालकांचा आणि तोटा करदात्यांचा, हे मला कधीच पटणार नाही.

जोडारी : बुडू देऊन काय होतं तेही पाहिलंय की. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी रिझर्व्ह प्रायमरी या, लोकांचे पैसे अल्पमुदतीच्या रोख्यांत गुंतवणाऱ्या फंडाच्या एका डॉलरच्या युनिटची किंमत ९७ सेंटवर घसरली, कारण त्यात लेहमनचे रोखे होते. ज्यांनी सुरक्षित समजून तिथे पैसे ठेवले, त्यांचा काय दोष? आणि एआयजीकडून सरकारला शेवटी २२.७ अब्ज डॉलर जास्तच मिळाले.

खातेवही : जनरल मोटर्स या मोटार कंपनीला वाचवताना सरकारचे ११ अब्ज डॉलरच्या वर गेले, ते का सांगत नाही? शिवाय पैसे परत आले तरी सवय लागतेच. पुढची कंपनी सरकार पाठीशी आहे असं धरूनच जोखीम घेणार.

उंबरठा : तुम्ही दोघेही कंपनी आणि मालक एकच धरताय. जनरल मोटर्सचा कारखाना वाचला, पण जुन्या भागधारकांच्या हाती काही उरलं नाही. मला हे योग्य वाटतं. २०२० मध्ये जर्मनीने लुफ्थान्सा या विमान कंपनीसाठी ९ अब्ज युरोंचं पॅकेज दिलं, पण २० टक्के हिस्सा घेतला, लाभांश बंद केला, वरिष्ठांच्या बोनसवर बंदी घातली. कंपनीने कर्ज मुदतीआधी फेडलं आणि शेअर विकून सरकारला सुमारे ७६ कोटी युरो नफा झाला. फुकट मदत नको, आणि जिच्या मालाला गिऱ्हाईकच उरलेलं नाही, तिला तर अटी घालूनही नको.

जोडारी : हे मान्य. फक्त अटी पैसे देण्याआधी लिहून घ्यायच्या. एआयजीच्या बोनसचं तिथेच चुकलं.

खातेवही : अटी चांगल्या आहेत, पण त्या मिळवायलाही आधी मोठं असावं लागतं. दहा माणसांचं वर्कशॉप बंद पडतं तेव्हा त्याच्याशी वाटाघाटी करायला कुठला मंत्री येतो? याचं उत्तर मिळेपर्यंत माझा विरोध कायम.