सामाईक, वर्गणी की इर्जिक? पाच जणांनी मिळून घेतलेल्या संगणकाचे शब्द

धागाकर्ता

आम्ही पाच मित्रांनी दिवाळीत पैसे गोळा करून एक संगणक जुळवला. तो आमच्यापैकी कुणीच वापरत नाही. पुण्यात एकाच्या घरी माळ्याखालच्या कोनाड्यात तो रात्रंदिवस चालू असतो आणि 'आइन्स्टाइन ॲट होम' या प्रकल्पाचं गणित करतो. दुर्बिणींनी आणि गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोसारख्या यंत्रांनी गोळा केलेल्या नोंदी चाळायच्या आणि त्यात गरगरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांची, पल्सारची, खूण सापडते का ते पाहायचं, असं ते काम. (लायगोचं भारतातलं यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभं राहणार आहे, त्यामुळे आम्हाला हा प्रकल्प जास्तच जवळचा वाटतो.)

हिशेबाची वही उघडली आणि पहिल्याच ओळीला अडलो. जमेच्या रकान्यावर मी 'वर्गणी' लिहिलं. नाशिकचा मित्र म्हणाला, "मी वर्गणी दिलेली नाही. माझा त्यात भाग आहे." दुसऱ्याला 'देणगी' हवं होतं, कारण त्याला पैसे परत नकोत आणि मालकीही नको. तिसरा 'कॉन्ट्री' म्हणून मोकळा झाला. रक्कम सगळ्यांनी सारखीच दिलेली, तरी तिघांच्या मनात तीन वेगळे व्यवहार होते. म्हणून हा धागा.

ज्यांना या प्रकाराची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने मे 1999 मध्ये 'सेटी ॲट होम', म्हणजे परग्रहांवरच्या बुद्धिमान जीवांच्या खुणा शोधण्याचा प्रकल्प, सुरू केलं. पोर्तो रिकोमधल्या आरेसिबोच्या 305 मीटर व्यासाच्या दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओ लहरींचे 107-107 सेकंदांचे तुकडे करायचे, ते जगभरच्या घरगुती संगणकांना पाठवायचे, आणि मालक चहाला उठला की संगणकाने तो तुकडा तपासायला घ्यायचा. 50 लाखांहून जास्त लोक त्यात येऊन गेले. मार्च 2020 अखेर त्यांनी नवं काम पाठवणं थांबवलं आणि त्याच वर्षी 1 डिसेंबरला आरेसिबोची दुर्बीणही कोसळली. पण त्यांनीच तयार केलेली 'बॉइंक' ही प्रणाली आज अनेक प्रकल्प वापरतात. आमचं यंत्रही त्यावरच चालतं.

आता शब्दांचा प्रश्न कुठे येतो ते बघा. बॉइंकमध्ये यंत्र एखाद्या खात्याला जोडावं लागतं आणि केलेल्या कामाचे गुण त्या खात्यावर जमा होतात. यंत्र पाच जणांचं असलं तरी त्या प्रकल्पात ते एकाच नावाने ओळखलं जातं. या गुणांना बाजारात किंमत नाही. तरी नाव कुणाचं लागतं याला किंमत आहे. 2010 मध्ये 'आइन्स्टाइन ॲट होम'मध्येच एक नवा पल्सार सापडला, तेव्हा अमेरिकेत आयोवामधलं एक जोडपं आणि जर्मनीतला एक गृहस्थ यांच्या संगणकांनी तो पकडला होता आणि त्यांची नावं जगभर छापून आली. उद्या आमच्या कोनाड्यातल्या यंत्राला असं काही गवसलं तर नाव कुणाचं? वर्गणीदाराचं, भागीदाराचं, की ज्याच्या घरी यंत्र आहे त्याचं?

माझं मत असं की पैशाला कोणता शब्द लावायचा हे आधी ठरलं पाहिजे, कारण पुढचे हक्क त्या शब्दातच बांधलेले असतात. तुमच्याकडे यासाठी काय म्हणतात?

रानपाखरू

तुमच्या नाशिकच्या मित्राचं बरोबर आहे. वर्गणीत हक्क राहत नाही. गणपतीची वर्गणी दिली, पावती घेतली, की मूर्ती माझी होत नाही. फार तर मी हिशेब विचारू शकतो, आणि तो मात्र विचारायलाच हवा. 'लोकवर्गणी'तही तेच. गावाने लोकवर्गणीतून शाळेची खोली बांधली तर ती खोली गावाची, पैसे देणाऱ्यांची नाही.

'पट्टी' त्याहून कडक. घरपट्टी, पाणीपट्टी हे शब्दच सांगतात की इथे नाही म्हणायची सोय नाही. आमच्या गावी जत्रेला घरटी पट्टी बसते, ती 'काढतात', वर्गणी 'गोळा करतात'. क्रियापदांतला हा फरक मला फार बोलका वाटतो.

देणगी देणारा मोठा, घेणारा लहान. पाच बरोबरीच्या मित्रांत तो शब्द नको.

अनुस्वार

शीर्षकात 'सामाईक' लिहिलंत ते चांगलं केलंत. वर्तमानपत्रांत 'सामाईक' आणि 'सामायिक' दोन्ही रूपं एकाच अर्थाने दिसतात, प्रवेश परीक्षेच्या बातम्यांत तर सर्रास. मी स्वतः सामाईकच लिहिते, कारण जैन घरात वाढल्यामुळे सामायिक म्हटलं की मला 48 मिनिटांची ती बैठक आठवते, जिच्यात समभाव राखून स्थिर बसायचं असतं. माझी आजी रोज सकाळी करायची. तिसरा शब्द 'सामयिक', म्हणजे त्या त्या काळाचा, समयोचित. एका य-चा आणि एका कान्याचा खेळ, पण तिन्ही वेगळे आहेत आणि तिन्ही जपावेत.

अर्थाचं म्हणाल तर 'सार्वजनिक' आणि 'सामाईक' यांतही गल्लत होते. सार्वजनिक नळ कुणाचाही. सामाईक नळ त्या चार बिऱ्हाडांचाच.

बार्शीकर

तुमचं यंत्र म्हणजे सामाईक विहीर आहे, दुसरं काही नाही. आमच्या आजोबांच्या वेळची विहीर चौघा भावांत सामाईक. सातबाऱ्यावर इतर हक्कांत तशी नोंद आहे. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. माझी पाळी असली की पाणी पूर्ण माझं, त्या दिवशी दुसऱ्याने मोटर चालू करायची नाही. हिस्सा पैशात नसतो, दिवसांत असतो.

तुम्हीही तसंच करा. एक महिना यंत्र एकाच्या खात्याला, पुढचा महिना दुसऱ्याच्या. ज्याच्या पाळीत तारा सापडेल त्याचं नाव. आणि एक विचारतो, रागावू नका. मोटरचं बिल कोण भरतं? आमच्याकडे विहिरीवरून भांडण कधीच झालं नाही, बिलावरून दोनदा झालं.

धागाकर्ता

रागावण्यासारखं काही नाही, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. यंत्र साधारण 350 वॅट ओढतं. दिवसाचे 8.4 युनिट, महिन्याचे 252. आम्ही 252 युनिटांचे पैसे पाचांत वाटले आणि प्रश्न मिटला असं समजलो. पण घरगुती बिल टप्प्यांनी चढतं. त्या मित्राच्या घरची स्वतःची वीज आधीच होती, तिच्यावर ही भर पडली आणि पुष्कळ युनिट वरच्या, महाग टप्प्यात गेले. तो बिचारा तीन महिने काही बोलला नाही. हा भार आम्ही त्याच्यावर टाकला याचं मला मनापासून वाईट वाटलं. आता यंत्रामुळे बिल जेवढं वाढलं तेवढा सगळा फरक पाचांत वाटतो.

पाळीची कल्पना मला आवडली. बॉइंकमध्ये ती करता येते, जुनं खातं सोडून नवं जोडायचं. फक्त हातातलं काम संपवून, निकाल पाठवूनच सोडायचं, नाहीतर तो तुकडा मुदत संपेपर्यंत अडकून राहतो आणि मग दुसऱ्याला द्यावा लागतो.

रानपाखरू

पैशाचं झालं. पण या सगळ्या कामालाच मराठीत काय म्हणायचं? 'स्वयंसेवी वितरित संगणन' बरोबर आहे, पण उच्चारताना दमछाक होते. मला 'सावड' सुचतं. भातलावणीला आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या माझ्या.

बार्शीकर

सावड नाही. सावडीत परतफेड असते. मी तुमच्याकडे एक दिवस आलो तर तुम्ही माझ्याकडे एक दिवस आलंच पाहिजे, त्याची प्रत्येकाच्या मनात नोंद असते. वारंगुळ्याचंही तेच, बैलाला बैल, दिवसाला दिवस. ते बर्कलीवाले त्यांचा संगणक तुमच्या घरी कामाला पाठवणार आहेत का?

इर्जिक म्हणा. एखाद्याची नांगरट अडली की गावातले लोक आपापले बैल आणि अवजारं घेऊन एका दिवसात त्याचं रान उरकतात. तो सगळ्यांना जेवू घालतो. मजुरी नाही. बैल आपला, रान दुसऱ्याचं, संध्याकाळी पंगत. तुमचे ते गुण म्हणजे इर्जिकीचं जेवण. त्याची कुणी किंमत करत नाही, पण वाढलं नाही तर लोक पुढच्या वेळी येणार नाहीत.

धागाकर्ता

बार्शीकर, हे वाचून मी उठून उभा राहिलो. सेटीमधल्या जेफ कॉब यांच्या नावावरून बॉइंकच्या गुणांना 'कॉबलस्टोन' म्हणतात. इतकी वर्षं मला ते नुसतं मोजमाप वाटत होतं. पंगत म्हणून त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग कामाच्या तुकड्याला 'पात' का म्हणू नये? माझी आई खुरपायला जायची. प्रत्येकीने आपली पात धरायची आणि बांधापर्यंत न्यायची. कुणी मागे पडली तर आधी पोचलेली बाई तिची पात समोरून धरत मागे यायची. इथेही अगदी तसंच आहे. एखाद्या संगणकाने मुदतीत निकाल दिला नाही तर ती पात दुसऱ्याला मिळते. फरक एवढाच की इथे पुष्कळदा एकच पात मुद्दाम दोन संगणकांना देतात आणि दोघांचे निकाल जुळले तरच मानतात. म्हणून तर 2010 च्या पल्सारच्या वेळी आयोवा आणि जर्मनी अशी दोन्ही नावं आली.

अनुस्वार

पात उत्तम. उच्चारायला सोपा, अनेकवचन 'पाती'. पण 'पाती' म्हणजे भागीदारीतला हिस्साही होतो, 'पातीदार' त्यावरूनच. तुमच्या वहीत दोन्ही येणार असतील तर घोटाळा होईल. पैशासाठी 'भाग' ठेवा आणि कामासाठी 'पात'.

डिचोलीवाला

गोव्यातून एक भर. आमच्याकडे गावकारीची जमीन सगळ्या गावकारांची मिळून असते आणि तिच्या उत्पन्नातला वर्षाचा वाटा म्हणजे 'जोण'. ती घेणारा जोणकार. जमीन विकून हिस्सा मागता येत नाही, जोण तेवढी मिळते. तुमच्या पाचांपैकी उद्या एखादा बाहेर पडला तर त्याला यंत्राचा पाचवा भाग तोडून देणार का? आधी लिहून ठेवा.

धागाकर्ता

लिहिलं. बाहेर पडणाऱ्याला पैसे परत नाहीत, त्याच्या पाळ्या उरलेल्यांत वाटल्या जातील, आणि त्याच्या पाळीत काही सापडलेलं असेल तर ते नाव कायम त्याचं. यंत्र मोडीत निघालं तर आलेले पैसे नव्या यंत्राच्या भांडवलात, तेव्हा मात्र त्याचा भाग धरायचा. वहीवर आता 'सामाईक यंत्र' आणि रकान्यांना 'भाग', 'वीज', 'पाळी' अशी नावं आहेत. 'वर्गणी' खोडली.

एकच शब्द राहिला. ज्याच्या घरी यंत्र आहे तो धूळ झटकतो, पंखा बदलतो, वीज गेली की परत चालू करतो, पाळी संपली की खातं बदलतो. त्याला 'मालक' म्हणता येत नाही, 'व्यवस्थापक' फार कचेरीतला वाटतो.

साक्रीकर

पाटकरी म्हणा. आमच्या पांझरा नदीवर फड पद्धतीने पाणी वाटायचे. बंधाऱ्याचं पाणी पाटाने फडात, म्हणजे शेतांच्या पट्ट्यात, यायचं आणि कुणाच्या शेताला केव्हा, किती द्यायचं ते पाटकरी बघायचा. शेतकऱ्याने स्वतः पाटाचं पाणी फोडायचं नाही, मग तो कितीही मोठा असो. पाणी सगळ्यांचं, दार उघडायचा हात त्याचा एकट्याचा. आणि त्याच्या कष्टाचा मोबदला सगळे शेतकरी मिळून द्यायचे. तुमच्या मित्राला विजेच्या फरकाशिवाय काही देता का?