अधिवास संवर्धनाची प्रादेशिक भागीदारी : पहिला पैसा कशावर खर्च करावा?

नदीकाठ

नमस्कार. एकाच नदीखोऱ्यात काम करणाऱ्या, परंतु तीन वेगवेगळ्या प्रशासकीय हद्दींत विभागलेल्या काही संस्था, दोन सरकारी खाती आणि काही जमीनमालक यांची सामाईक भागीदारी उभी करण्याचा आमचा प्रयत्न चालू आहे. खोऱ्यातील पाणथळ जागांचे आणि त्यांना जोडणाऱ्या गवताळ पट्ट्यांचे तुकडे पडत चालले आहेत. आपल्या हद्दीत एखाद्या संस्थेने कितीही चांगले काम केले तरी हद्दीपलीकडे अधिवास तुटला की त्या कामाचा उपयोग मर्यादितच राहतो, याविषयी कोणाचे दुमत नाही. सामंजस्य कराराचा मसुदाही तयार आहे. घोडे अडले आहे ते पैशापाशी.

मतभेदाचे मुद्दे तीन आहेत. मिळालेला निधी कोणत्या आधारावर वाटायचा? काहींना तो क्षेत्रफळाप्रमाणे हवा आहे, तर काहींना ज्याने जितका पैसा आणला त्या प्रमाणात. दुसरे असे की, बहुतेक निधिदाते अर्जदाराचा स्वहिस्सा मागतात आणि आमच्यातील लहान संस्थांची तेवढी ऐपत नाही. तिसरा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. पहिल्या वर्षाचा पैसा तळ्यांची दुरुस्ती आणि गवताची लागवड अशा डोळ्यांना दिसणाऱ्या कामांवरच खर्च व्हावा, पगारी समन्वयक नेमणे ही चैन आहे, असे निम्म्या सदस्यांना वाटते. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. तत्त्वे आम्हालाही ठाऊक आहेत; कोठे काय केले गेले, ते समजून घ्यायचे आहे.

पाणथळ

क्षेत्रफळाप्रमाणे वाटणी हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी मार्ग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात भांडण होत नाही, एवढाच काय तो त्याचा गुण.

या विषयातील सर्वांत जुन्या आणि सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या उदाहरणांपैकी एक म्हणजे उत्तर अमेरिकेतील पाणपक्ष्यांचा आराखडा. 1980 च्या दशकातील अवर्षणात तेथील बदकांची संख्या झपाट्याने घसरली आणि 1986 मध्ये अमेरिका व कॅनडा यांनी एकत्रित आराखड्यावर सह्या केल्या. 1994 मध्ये मेक्सिकोही त्यात आला. हे पक्षी कॅनडातील आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांतील प्रेअरीच्या, म्हणजे विस्तीर्ण गवताळ मैदानांच्या, लहान लहान तळ्यांभोवती अंडी घालतात आणि हिवाळा मेक्सिकोच्या आखाताचा किनारा, कॅलिफोर्नियाचे मध्यवर्ती खोरे अशा दूरच्या ठिकाणी काढतात. त्यामुळे एकट्या देशाने कितीही पैसा ओतला तरी तो अर्धाच कामी येणार, हे उघड होते. अंमलबजावणी केंद्राकडून न करता ‘जॉइंट व्हेंचर’ नावाच्या प्रादेशिक भागीदाऱ्यांकडे सोपवली गेली. त्यांच्या संचालन मंडळांवर सरकारी खाती, स्वयंसेवी संस्था आणि खाजगी क्षेत्रातील लोक एकत्र बसतात.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या नियोजनाच्या पद्धतीत आहे. प्रत्येक प्रदेशात ते आधी विचारतात की, येथे पक्ष्याला कमतरता नेमकी कशाची आहे. प्रेअरीत अडचण घरट्यांची असते. तळी नांगराखाली जातात, भोवतीचे गवत विरळ होते, कोल्हे आणि स्कंक अंडी फस्त करतात. साहजिकच तेथे पैसा तळी टिकवण्यावर आणि गवताचे सलग पट्टे राखण्यावर जातो. हिवाळी प्रदेशात अडचण अन्नाची असते. तेथे शास्त्रज्ञ किती पक्षी किती दिवस राहतात, त्यांना रोज किती ऊर्जा लागते आणि उपलब्ध पाणथळींतून ती किती मिळते, याचा हिशेब मांडतात आणि तूट दिसेल तेथे पाणी सोडण्याची व्यवस्था करतात. कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यात कापणीनंतर पाण्याने भरलेली भातशेते हिवाळी अन्नाचा मोठा वाटा पुरवतात, म्हणून तेथील भागीदारीत भातउत्पादकांना वगळून चालतच नाही.

एकदा हा हिशेब सर्वांनी मान्य केला की वाटणीचा वाद बराच निवळतो. अमेरिकेतील अनेक राज्यांची वन्यजीव खाती आपल्या तिजोरीतून कॅनडातील प्रजननक्षेत्रांसाठी पैसे देतात. पैसा आपल्याच हद्दीत खर्च झाला पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला असता तर तो कोणालाही रास्तच वाटला असता. परंतु आपल्या राज्यात शरद ऋतूत उतरणारी बदके कोठे जन्मतात, हे त्यांच्यासमोर आकड्यांनिशी मांडलेले होते.

हिशेबनीस

पाणथळ यांच्या प्रतिसादाला पूरक म्हणून स्वहिस्स्याविषयी लिहितो, कारण भागीदाऱ्या शास्त्रावरून क्वचितच मोडतात; कागदपत्रांवरून मात्र हमखास मोडतात.

वर उल्लेखिलेल्या आराखड्याला अमेरिकेच्या 1989 च्या पाणथळ संवर्धन कायद्याने पैशाचे बळ दिले. त्या कायद्यातील अनुदानाची अट अशी की, मागितलेल्या प्रत्येक डॉलरमागे किमान एक डॉलर संघराज्य सरकारबाहेरून आणला पाहिजे. युरोपीय संघाचा पर्यावरणविषयक प्रकल्पांना निधी देणारा ‘लाइफ’ कार्यक्रम 1992 पासून चालू आहे. त्यात निसर्गविषयक प्रकल्पांना साधारणपणे खर्चाच्या 60 टक्के आणि प्राधान्य दिलेल्या अधिवासांवर किंवा प्रजातींवर भर असेल तर 75 टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. उरलेला पैसा अर्जदारांनी आणि सहनिधिदात्यांनी उभा करायचा. अट जाचक वाटते, पण तिचा एक फायदा आहे. ज्याने पदरचे काही घातले आहे, तो बैठकीला येतो.

लहान संस्थांसाठी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. अनेक योजनांत वस्तुरूप आणि श्रमरूप वाटा स्वहिस्सा म्हणून धरला जातो : दान केलेल्या जमिनीचे मूल्य, उसन्या दिलेल्या यंत्राचे भाडे, स्वयंसेवकांचे श्रमाचे तास. मात्र त्यासाठी नोंदवही पहिल्या दिवसापासून काटेकोर हवी. तिच्यात तारीख, व्यक्तीचे नाव, कामाचे ठिकाण, सुरू केल्याची व संपवल्याची वेळ, काम कोणते, तासाचा दर कोणत्या आधारे धरला आणि स्वाक्षरी हे सर्व रकाने असावेत. ‘रविवारी सर्वांनी मिळून तण काढले’ ही नोंद लेखापरीक्षकापुढे शून्य किमतीची आहे. तेच तण, तेच हात. फरक फक्त रकान्यांचा. आणि एकच तास दोन निधिदात्यांच्या हिशेबात दाखवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. भागीदारीत अनेक संस्था एकाच श्रमदानाला हजर असतात, त्यामुळे ही चूक अप्रामाणिकपणाशिवायही घडते.

दुसरी गोष्ट पैशाच्या वेळेची. अनुदानाचा बराच भाग प्रतिपूर्तीच्या स्वरूपात, म्हणजे आधी खर्च आणि नंतर परतफेड, असा येत असेल, तर मंजूर निधी असूनही लहान संस्थेची कोंडी होते. यासाठी भागीदारीतील सक्षम संस्थेने मुख्य अर्जदार व्हावे आणि इतरांशी उपकरार करून त्यांना अग्रिम द्यावा. तसे करताना जबाबदारी मुख्य अर्जदाराच्या गळ्यात येते, हे करारात लपवू नये.

आणखी एक कलम आवर्जून घाला : बाहेरचा निधी आला म्हणून कोणीही आपला ठरलेला पैसा दुसरीकडे वळवणार नाही. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने अमेरिकेत बंदुका आणि दारूगोळ्यावरील उत्पादन कर वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. पण हा पैसा हवा असलेल्या राज्याला शिकाऱ्यांच्या परवाना शुल्काची रक्कम अन्यत्र वापरणार नाही, असा कायदा आधी करावा लागला. बाहेरून पैसा आला की घरचा पैसा दुसरीकडे वळतो, ही सरकारांची जुनी खोड आहे. ती संस्थांनाही असते.

माळढोक

समन्वयकाच्या मुद्द्यावर मी आधी दिसणारी कामे व्हावीत या मताचा आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. जमीनमालकाला तुमचा आराखडा, तुमची मंडळे आणि तुमचे नकाशे यांच्याशी काहीही देणेघेणे नसते. शेजारच्या शेताच्या कडेचे तळे दुरुस्त झाले, त्यात पाणी टिकले आणि तरीही शेजाऱ्याची शेती बंद पडली नाही, हे स्वतः पाहिल्याशिवाय तो कागदावर सही करणार नाही. पहिले वर्ष बैठकांत गेले, तर दुसऱ्या वर्षी बैठकीला फक्त पगारी माणसे उरतील. दिसणाऱ्या कामाला ‘दिखाऊ’ ठरवण्याची घाई कृपया करू नये.

रानवाटा

माळढोक यांचे म्हणणे जमीनमालकांपुरते मान्य आहे, आणि एखाद-दुसरे प्रात्यक्षिक तळे पहिल्याच वर्षी व्हावे, हेही. परंतु समन्वयकाचा पगार ही चैन आहे, हे मत मात्र मला सर्वस्वी अमान्य आहे. ज्या प्रादेशिक भागीदाऱ्या टिकल्या, त्यांत समन्वयाचा खर्च कोणीतरी उघडपणे, नियमित आणि विनातक्रार उचललेला दिसतो.

वाडन समुद्राचे उदाहरण घ्या. डेन्मार्क, जर्मनी आणि नेदरलँड्स यांच्या किनाऱ्यालगतचा हा भरती-ओहोटीचा चिखलपट्टा लक्षावधी स्थलांतरित पक्ष्यांचा विसावा आहे. तिन्ही देशांचे सहकार्य 1978 मध्ये सुरू झाले, 1982 मध्ये संयुक्त घोषणापत्र झाले आणि 1987 मध्ये जर्मनीतील विल्हेल्म्सहाफेन येथे सामाईक सचिवालय स्थापन झाले. त्यानंतर तिन्ही देशांत एकाच पद्धतीने पक्षी, सील आणि अधिवास यांची गणना होऊ लागली. ‘आमच्याकडे सील वाढले, तुमच्याकडे घटले’ या वादाला अर्थच उरला नाही, कारण मोजमाप एकच होते. 2009 मध्ये जर्मन व डच भागाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि 2014 मध्ये डेन्मार्कचा भागही त्यात आला. सचिवालय नसते तर इतक्या वर्षांच्या तुलनायोग्य नोंदी कोणी ठेवल्या असत्या?

आफ्रिकेतील कावांगो-झांबेझी या सीमापार संवर्धन क्षेत्राची व्याप्ती तर थक्क करणारी आहे : अंगोला, बोट्स्वाना, नामिबिया, झांबिया आणि झिंबाब्वे हे पाच देश आणि सुमारे 5,20,000 चौरस किलोमीटर. करार 2011 मध्ये झाला. 2022 मध्ये पाचही देशांत एकाच हंगामात समन्वयाने हत्तींची हवाई गणना करण्यात आली आणि सुमारे 2,27,900 हत्ती आढळले. हत्ती सीमा ओलांडतात. म्हणूनच पाच देशांनी पाच वेगवेगळ्या वर्षी केलेल्या गणनांची बेरीज निरर्थक ठरली असती. अशा गणनेचा पैसा कोणत्याही एका देशाच्या अंदाजपत्रकात आपसूक बसत नाही.

आता काळाविषयी. निधी बहुधा काही मोजक्या वर्षांसाठी मिळतो आणि प्राणी त्या मुदतीचे बांधील नसतात. कॅनडातील बांफ राष्ट्रीय उद्यानात महामार्गावर प्राण्यांसाठी पूल आणि भुयारी मार्ग बांधले, तेव्हा हरणे आणि एल्क ही मोठी हरणे लवकर सरावली, पण ग्रिझली अस्वलांसारख्या सावध प्राण्यांनी ते नियमित वापरायला काही वर्षे घेतली. सुरुवातीच्या काळातच निरीक्षण थांबवले असते, तर पैसा वाया गेला असा निष्कर्ष सहज निघाला असता. दीर्घकाळ नोंदी ठेवल्या गेल्या, म्हणूनच कुंपण आणि मार्ग यांच्या जोडीने वन्यप्राण्यांचे अपघात 80 टक्क्यांहून अधिक घटल्याचे सिद्ध झाले, आणि हीच आकडेवारी पुढे जगभरच्या प्रस्तावांत वापरली गेली.

यावर एक उपाय कायम निधीचा आहे. मूळ रक्कम गुंतवून ठेवायची आणि फक्त उत्पन्न खर्च करायचे. कॅमेरून, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि काँगो प्रजासत्ताक यांच्या सीमेवरील सांघा वनक्षेत्रासाठी 2007 मध्ये असा विश्वस्त निधी स्थापन झाला. मेक्सिको, बेलीझ, ग्वाटेमाला आणि होंडुरास यांच्या सामाईक प्रवाळभित्तीसाठी त्याआधी 2004 मध्येच झाला होता. अशा निधीचे उत्पन्न मोठे नसते आणि तळी खोदायला ते पुरणार नाही. परंतु समन्वयकाचा पगार आणि वार्षिक गणना यांसाठी साधारण तेवढेच लागते. लहान भागीदारीने एवढे ध्येय जरूर ठेवावे.

नदीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आता आमच्या मंडळासमोर असा प्रस्ताव ठेवतो की, पहिल्या वर्षी समन्वयक, सामाईक नकाशा आणि गणनेची एकच पद्धत यांना प्राधान्य द्यावे, तसेच प्रत्येक हद्दीत एकेक प्रात्यक्षिक तळे घ्यावे. एक शंका उरली आहे. खाजगी जमिनीवर भागीदारीच्या पैशातून काम केले आणि पुढे मालकाने जमीन विकली किंवा विचार बदलला, तर काय करायचे?

हिशेबनीस

याचे उत्तर काम सुरू करण्यापूर्वीच लिहून ठेवावे लागते. अमेरिकेच्या प्रेअरीत 1958 पासून चालू असलेल्या लहान पाणथळींच्या योजनेत सरकार अनेकदा जमीन विकत न घेता फक्त एक मर्यादित हक्क विकत घेते. तळ्यातील पाणी काढून टाकायचे नाही, ते बुजवायचे नाही, सपाट करायचे नाही आणि जाळायचे नाही, एवढेच बंधन मालक स्वीकारतो आणि त्याचा एकरकमी मोबदला घेतो. भोवतालची शेती चालूच राहते. अवर्षणात तळे आपोआप कोरडे पडले, तर त्यात पीक घेण्याचीही मुभा असते. हे बंधन जमिनीच्या अभिलेखात नोंदवलेले असल्यामुळे पुढच्या खरेदीदारालाही लागू होते. या हक्कांसाठी बराच पैसा 1934 पासून विकल्या जाणाऱ्या ‘डक स्टॅम्प’मधून, म्हणजे पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्यांनी सक्तीने घ्यायच्या तिकिटातून येतो.

तुमच्याकडच्या कायद्यात असा कायमचा हक्क नोंदवता येत नसेल, तर ठरावीक मुदतीचा करार करावा. मुदतीपूर्वी जमीन विकली गेल्यास खर्चाचा उरलेला हिस्सा मुदतीच्या प्रमाणात परत करण्याची अट त्यात असावी, आणि ती रक्कम कोणाकडे जमा होणार, हेही नमूद करावे. आमच्या एका करारात हे शेवटचे वाक्य राहून गेले होते. मालकाने पैसे मुकाट्याने परत दिले. पण ते कोणाचे, यावर भागीदारांत पत्रव्यवहार अजून चालू आहे.