चंद्रावर स्केचपेनने काम भागवलं, असे खरे किस्से अजून सांगा ना

चांदणवेडी: मंडळी, काल अपोलो ११ बद्दल वाचत बसले होते तर त्यात एक गोष्ट सापडली, चंद्रावरून परत निघायचं जे इंजिन त्याच्या सर्किट ब्रेकरचं बटणच तुटून खाली पडलं होतं आणि बझ ऑल्ड्रिनने त्या भोकात स्केचपेन घालून ते आत दाबलं म्हणे. हे खरंच असं झालंय का कुणीतरी रंगवून सांगितलंय? आणि खरं असेल तर असे अजून किस्से हवेत, एवढ्याशा गोष्टीवर सगळं अडलेलं असे. मला झोपच नाही आली वाचून.

ध्रुवतारा_२१: शंभर टक्के खरं आहे. यानात जागा इतकी कमी की पाठीवरच्या त्या मोठ्या पेटीचा धक्का लागून बटण तुटलं असणार. बोट किंवा धातूची वस्तू घालायची सोय नाही कारण आत वीज, म्हणून खिशातलं पेन.

पण माझा सगळ्यात लाडका किस्सा अपोलो १२ चा. १४ नोव्हेंबर १९६९, पावसात उड्डाण झालं आणि ३६ व्या सेकंदाला वीज पडली, परत ५२ व्या सेकंदाला दुसरी. यानाला वीज देणारे फ्युएल सेल बंद, आत सगळे इशाऱ्याचे दिवे एकदम लागले आणि खाली ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रात स्क्रीनवर नुसते निरर्थक आकडे. तिथे जॉन आरन नावाचा २६ वर्षांचा इंजिनियर बसला होता, त्याला आठवलं की साधारण वर्षभरापूर्वी एका टेस्टमध्ये आपण अगदी असेच आकडे पाहिले होते आणि ते का आले हे त्याने तेव्हा स्वतःहून खणून काढलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं! तो म्हणाला, एससीई ऑक्सवर टाका, म्हणजे यानातले आकडे खाली पाठवायला तयार करणारी यंत्रणा पर्यायी विजेवर घ्या. फ्लाइट डायरेक्टरला ते बटण माहीत नाही, वर कमांडर पीट कॉनरॅडलाही माहीत नाही. यानातल्याच ॲलन बीनला माहीत होतं. त्याने टाकलं आणि आकडे परत सरळ.

रानवाट: अंतराळ नाही पण अंटार्क्टिका चालेल का? लिओनिद रोगोझोव, सोव्हिएत डॉक्टर, वय २७. एप्रिल १९६१ मध्ये त्याचं अपेंडिक्स सुजलं आणि अख्ख्या तळावर डॉक्टर तो एकटाच, बाहेर बर्फाचं वादळ, विमान येणं शक्य नाही. शेवटी स्वतःचं पोट स्वतःच उघडलं, फक्त जागा बधिर करून. एकाने आरसा धरलेला पण आरशात सगळं उलटं दिसतं ना, त्याने हात चुकायला लागला म्हणून हातमोजे काढून बोटांनी चाचपत केलं. मधे मधे चक्कर यायची, की थांबायचं काही सेकंद, परत सुरू. पावणेदोन तास लागले. दोन आठवड्यांत माणूस कामावर हजर.

चांदणवेडी: बापरे, हातमोजे काढून!! वाचतानाच पोटात गोळा आला. @ध्रुवतारा_२१ एक शंका, कमांडरला माहीत नसलेलं बटण बीनला कसं माहीत?

ध्रुवतारा_२१: ते बटण त्याच्याच खुर्चीसमोर होतं आणि विजेची यंत्रणा त्याच्याकडेच होती. पुढे त्यानेच एकेक फ्युएल सेल परत जोडला. खाली मात्र एक काळजी राहिलीच, विजेने पॅराशूट उघडायची यंत्रणा जळली असेल तर? ते तपासायला काहीच मार्ग नव्हता, आणि उघडणार नसेल तर आज परत बोलावलं काय आणि चंद्रावर जाऊन आले काय, सारखंच, म्हणून जाऊ दिलं. त्या तिघांना हे सांगितलं नाही. पाच दिवसांनी कॉनरॅड आणि बीन चंद्रावर उतरले ते आधीपासून तिथे उभ्या असलेल्या सर्व्हेयर ३ या मानवरहित यानापासून २०० मीटरच्या आत, चालत जाऊन त्याचा कॅमेरा काढून आणला त्यांनी. आणि पॅराशूट तिन्ही उघडले.